साधने आली, पाठटाचण राहिले

माध्यमिक शाळेत नववीला भूगोल शिकवायचा तर बी.एड. लागते. त्या काळात छात्राध्यापक पाठटाचणे लिहितो, सूक्ष्म अध्यापनाचे पाठ देतो आणि मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून त्याच्या वहीत शेरे लिहितो: हेतू स्पष्ट नाही, विद्यार्थ्यांकडून काही करवून घेतले नाही, मूल्यमापनाचा प्रश्न हेतूशी जुळत नाही. तोच भूगोल बी.ए.ला शिकवायचा तर एम.ए.नंतर नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. तासाचा आराखडा कसा बांधायचा, हे त्या वाटेवर कुणी विचारत नाही.

नागपुरात आणि एकूण महाराष्ट्रात उच्च शिक्षणातल्या ई-लर्निंगचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय झाले, हे समजून घेताना मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. साधनांची वानवा आता उरलेली नाही. संशोधनही पुष्कळ झाले आहे आणि त्यातले काही फार मोलाचे काम आपल्याच राज्यात, मुंबईत झाले आहे. कमी पडते ते मधले काम. या वर्गातल्या, या भाषेतून विचार करणाऱ्या, इतक्या लांबून येणाऱ्या मुलांनी या घटकासाठी नेमके काय करायचे, हे आधी बसून ठरवण्याचे काम.

हे काम मराठीत कधी झालेच नाही असे मात्र नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. पुढे ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. मुक्त विद्यापीठाचे कोणतेही जुने पुस्तक उघडून पाहावे. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे दिलेली असतात: हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला काय करता येईल, ते सांगणारी. मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्येच थांबवून विचारलेले स्वयंअध्ययनाचे प्रश्न, सारांश, पारिभाषिक शब्द, स्वाध्याय. समोर शिक्षक नसणार, विद्यार्थी नोकरी करून रात्री वाचणार, हे गृहीत धरून ही रचना केली होती. आज इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणून जे शिकवले जाते, त्याचा गाभा त्या छापील पुस्तकांत होता, आणि तो मराठीत होता. नागपूरला या विद्यापीठाचे विभागीय केंद्र आहे, विदर्भातले असंख्य विद्यार्थी या पुस्तकांवर पदवीधर झाले. तरीही आपल्याकडे ई-लर्निंगवर लिहिताना या परंपरेचा उल्लेख क्वचितच होतो. ती दूरशिक्षणाच्या, म्हणजे दुय्यम समजल्या गेलेल्या शिक्षणाच्या खात्यात टाकली गेली. हे मोठे नुकसान आहे असे मी मानतो, कारण पारंपरिक विद्यापीठांनी पुढे जेव्हा कॅमेरा आणि इंटरनेट हाती घेतले, तेव्हा हा अनुभव त्यांच्या कामात कुठेच उतरला नाही.

कॅमेरा तसा फार आधी आला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला. आयोगाने त्यासाठी विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभारली, पुणे विद्यापीठातले त्यांपैकी एक. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून एनपीटीईएल सुरू केले. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते सर्वांना मोफत देणे, हा त्यामागचा विचार. चांगल्या शिक्षकांचा तुटवडा असलेल्या देशात तो उदात्तच होता, आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कितीतरी मुलांना त्या व्याख्यानांनी परीक्षेतून तारले. पण तासभराचे फळ्यावरचे व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर आले. ऐकणाऱ्याने मध्ये काय करायचे, हा प्रश्न तिथे नव्हता.

जगातल्या संशोधनात याच प्रश्नावरून एक जुना वाद आहे. रिचर्ड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९८३ मध्ये लिहिले की माध्यमामुळे शिकणे वाढत नाही. किराणा ज्या गाडीतून येतो ती गाडी बदलली म्हणून आहार पौष्टिक होत नाही, तसे हे आहे. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला उत्तर दिले: माध्यमाला स्वतःचे गुण असतात, आलेखाची हालती आकृती जे दाखवते ते शब्दांना जमत नाही, तेव्हा माध्यम आणि पद्धत अशी फारकत करणेच चूक. दोघांचे म्हणणे आजही वाचण्यासारखे आहे. माझा कल क्लार्क यांच्याकडे आहे, आणि त्याचे कारण पुढची आकडेवारी.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांकडून एक मोठे विश्लेषण करून घेतले. १९९६ ते २००८ या काळातले हजाराहून अधिक अभ्यास त्यांनी चाळले आणि कठोर कसोट्यांवर उतरणारे ४५ अभ्यास निवडले. २०१० च्या सुधारित अहवालात निष्कर्ष असा होता की प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन यांचे मिश्रण केले की निव्वळ प्रत्यक्ष वर्गापेक्षा निकाल काहीसे बरे येतात. वर्तमानपत्रांनी एवढेच उचलले. अहवालात त्याच्या लगेच पुढे मात्र म्हटले होते की मिश्र वर्गांतल्या मुलांना बहुतेक वेळा जास्त वेळ, जास्त साहित्य आणि एकमेकांशी बोलण्याच्या जास्त संधी मिळाल्या होत्या, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. मिश्र अध्यापनाची जी धोरणे पुढे जगभर निघाली, त्यांच्या मुळाशी हा अहवाल ठेवायचा असेल तर हे वाक्यही सोबत ठेवले पाहिजे.

मग फरक कशाने पडतो? याची उत्तरे बऱ्यापैकी हाती आहेत. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुले नापास झाली होती. मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग आणखी साधा आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून पुढच्या प्रत्येक वेळी तो आठवून लिहिला. लगेच घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गाइड पाठ करून पेपर देणाऱ्या आपल्या मुलांच्या संदर्भात हा प्रयोग प्रत्येक प्राध्यापकाने माहीत करून घ्यावा असा आहे. ऑनलाइन प्रश्नमंजूषा केवळ गुण देण्यासाठी नव्हे, तर शिकवण्यासाठीही वापरता येते, हे त्यातून कळते.

ध्वनिचित्रफितींवरही भरपूर काम झाले आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख पाहण्यांची नोंद तपासली. फीत कितीही लांब असो, मुले मध्यकानुसार सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असे दिसले. रिचर्ड मेयर यांनी तर आयुष्यभर हाच विषय घेतला. पडद्यावर आकृती आणि कानावर स्पष्टीकरण असेल तर मुले चांगली शिकतात. तेच स्पष्टीकरण शब्दशः पडद्यावरही लिहिले तर मात्र उलटा परिणाम होतो. या नियमाला मेयर एक अपवाद मान्य करतात, तो म्हणजे शिकणाऱ्याची भाषा वेगळी असेल तर. हा अपवाद लक्षात ठेवावा, नागपूरसाठी तो फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

हे सगळे परदेशी झाले. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत सखोल काम आयआयटी मुंबईत झाले. तिथे २०१० मध्ये शिक्षणतंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय पीएच.डी. कार्यक्रम सुरू झाला. सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी तो उभा केला. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या एका प्रचंड मोठ्या वर्गात साधी युक्ती वापरून पाहिली. शिक्षक प्रश्न देतो, मुले आधी एकेकटी विचार करतात, मग शेजाऱ्याशी बोलतात, मग वर्गात मांडतात. निरीक्षकांनी ठरावीक अंतराने नोंदी घेतल्या, आणि सरासरी ८३ टक्के मुले खरोखर कामात गुंतलेली आढळली. या युक्तीला इंटरनेट लागत नाही. ती शेकडोंच्या वर्गात चालते, म्हणजे नागपुरात धरमपेठेतल्या किंवा भंडाऱ्यातल्या बी.कॉम.च्या तुडुंब वर्गातही चालू शकते. तिथे ती पडताळून पाहणारा अभ्यास मला हवा आहे.

याच गटाने ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थीकेंद्री प्रतिमान मांडले. फीत छोटी ठेवायची आणि ती मध्येच थांबवून विचार करायला लावायचे. त्यापाठोपाठ लगेच करण्याचे काम द्यायचे आणि चूक झाली तर का चुकली ते सांगायचे. पुढे जाणाऱ्यांसाठी आणि मागे पडणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या वाटा ठेवायच्या. चर्चा आपोआप होईल अशी वाट न पाहता तीही आखून द्यायची. हे प्रतिमान त्यांनी देशभरातल्या हजारो प्राध्यापकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात स्वतःच वापरले. त्याआधी प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प उभा राहिला होता. मुंबईतून थेट प्रक्षेपण व्हायचे आणि देशभरच्या महाविद्यालयांतल्या दूरस्थ केंद्रांत प्राध्यापक एकत्र बसून शिकायचे. नागपूरची अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्यात होती. एकट्याने पडद्यासमोर बसण्यापेक्षा आपल्याच गावातल्या चार सहकाऱ्यांबरोबर बसण्यात काय फरक पडतो, हे त्या केंद्रांनी दाखवून दिले.

आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरियल हा प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा प्रकल्प मात्र मला या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. मुक्त संगणकप्रणाली शिकवणाऱ्या या सुमारे दहा मिनिटांच्या फिती आहेत. पडद्याच्या एका बाजूला फीत, दुसऱ्या बाजूला तीच प्रणाली उघडलेली. फितीत जे केले ते शिकणाऱ्याने तिथल्या तिथे करून पाहायचे. प्रत्येक फितीची संहिता आधी लिहिली जाते: एका रकान्यात बोलायचे वाक्य, दुसऱ्यात त्या क्षणी पडद्यावर काय दिसेल ते. मग विषय न येणाऱ्या नवख्या माणसाकडून ती तपासून घेतली जाते. तो अडखळला तर संहिता बदलते. ध्वनिमुद्रण त्यानंतर. आणि बोलणे वेगळे असल्यामुळे तीच फीत मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणता येते, पडद्यावरचे इंग्रजी मेनू तसेच राहतात, कारण नोकरीच्या जागी तेच समोर येणार. इथे पडद्यावर येणारा चेहरा नाही, स्टुडिओ नाही, खर्चही फारसा नाही. जे काही आहे ते आधी केलेल्या विचारात आहे.

याच्या तुलनेत आपले राष्ट्रीय व्यासपीठ पाहावे. 'स्वयम्' ९ जुलै २०१७ ला सुरू झाले, त्याच दिवशी 'स्वयंप्रभा'च्या ३२ शैक्षणिक दूरचित्रवाहिन्याही. प्रत्येक अभ्यासक्रमाला चार क्वाड्रंट हवेत: व्याख्यानाची फीत, वाचनाचे साहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. कागदावर रचना चांगली आहे. २०१६ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या २० टक्के अभ्यासक्रमांचे श्रेयांक 'स्वयम्'वरून घेता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रात २५ टक्के गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या अंतिम परीक्षेचे. म्हणजे आठ-बारा आठवडे जे करायचे, त्याचे वजन एक चतुर्थांश. मुले कशाला महत्त्व देतील, हे या वाटणीतूनच ठरते.

खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची जगभरची स्थितीही सांगायला हवी. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएन्ते यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी करणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. ज्यांच्यापाशी आधीच साधने आणि कारण होते, तेच टिकले.

मग २०२० आले. टाळेबंदी सुरू झाल्यावर काही दिवसांतच, २७ मार्चला, चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला आणि बजावले की आता जे होणार आहे त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, हे आणीबाणीतले दूरस्थ अध्यापन आहे. पूर्ण ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रम नीट आखायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, असे त्यांनी त्यात नोंदवले. आपल्याकडे तो आठवड्यात उभा करावा लागला. प्राध्यापकांनी गुगल मीट शिकून घेतले, व्हॉट्सॲपवर नोट्स टाकल्या, कुणी घरातल्या कपाटाच्या दारावर खडूने लिहून शिकवले. त्या काळातल्या त्यांच्या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतातल्या १४.९ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. संगणक ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे येतात. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या मुलीला घरातला एकच फोन भावंडांत वाटून घ्यावा लागणे ही अपवादाची गोष्ट नव्हती. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निर्णय दिला, आणि त्या शरद ऋतूत नागपूर विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या मुलांनी मोबाइलवर बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा दिली. वर्षानुवर्षे दीर्घोत्तरी प्रश्नांवर चालणारे विषय एका सत्रात चार पर्यायांवर आले. मराठी साहित्याच्या मुलाला कवितेचे रसग्रहण करता येते का, हे त्या पद्धतीने कळत नाही. आणीबाणीत ते क्षम्य होते. आणीबाणी संपल्यावर त्यातून आपण काय शिकलो याचा नीट अभ्यास व्हायला हवा होता.

खरे तर याच भागाला एका गोष्टीसाठी ऑनलाइन साधनांची खास गरज आहे. भंडारा-गोंदियात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते आणि सत्र त्याच सुमारास सुरू होते. घरचे हात शेतात लागतात, म्हणून वर्ग ओस पडतो. जी मुले येतात तीही बरीचशी एसटीने अप-डाऊन करणारी. अशा मुलांसाठी रात्री आपल्या वेळेला पाहता येईल, कमी डेटात उतरवून घेता येईल असा दहा मिनिटांचा घटक आणि त्याखालचे तीन प्रश्न, हे थेट प्रक्षेपणापेक्षा कितीतरी उपयोगी. पण 'ऑनलाइन' म्हटले की आपल्याकडे वेळापत्रकातला तास तसाच उचलून पडद्यावर ठेवला जातो.

आता भाषेकडे. स्वातंत्र्यानंतर लवकरच नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी ही शिक्षणाची माध्यमे म्हणून स्वीकारली, आणि या बाबतीत ते देशात आघाडीवर होते. तेव्हा मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहरात भाषातज्ज्ञ डॉ. रघुवीर यांनी परिभाषानिर्मितीचे प्रचंड काम केले. आजही इथल्या वर्गात पाठ्यपुस्तक इंग्रजी, स्लाइड इंग्रजी, समजावणे अर्धे मराठी अर्धे हिंदी आणि मुलाचे उत्तर मराठीत, असे रोज घडते. मेयर यांचा अपवाद इथे येतो. परक्या भाषेतला मजकूर ऐकताना पडद्यावरही लिहिलेला असेल तर मदत होऊ शकते, असे संशोधन सांगते. पण पडद्यावर इंग्रजी आणि कानावर मराठी असेल तर? संज्ञा इंग्रजी ठेवून वाक्य मराठी केले तर? नागपुरी वर्गात मराठी आणि हिंदी दोन्ही मातृभाषांची मुले शेजारी बसतात, तेव्हा कोणत्या भाषेतली फीत कुणाला किती उपयोगी? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला नागपूरसारख्या जागा देशात थोड्या आहेत. एनपीटीईएलने आपल्या व्याख्यानांच्या लिखित प्रती मराठीत आणल्या, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पुस्तके मराठीत काढली. या अनुवादांनी मुले खरोखर किती शिकतात, हे मोजायला मात्र कुणी तरी बसले पाहिजे.

इथे पुन्हा सुरुवातीच्या मुद्द्याशी यावे लागते, कारण बसायचे कुणी? अनुदानित महाविद्यालयांतल्या रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरचे, सगळ्यांच्या तोंडी सीएचबीचे, प्राध्यापक शिकवतात. त्यांना मानधन घेतलेल्या तासाचे मिळते. तास आखण्याचे, प्रश्न तयार करण्याचे, पन्नास मुलांच्या उत्तरांवर दोन ओळी लिहिण्याचे मिळत नाही. जो माणूस सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्यात तास घेऊन महिना काढतो, त्याच्याकडून सहा महिन्यांच्या आराखड्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ई-लर्निंगच्या आपल्या चर्चेत बँडविड्थ येते, लॅपटॉप येतात, ही मानधनाची गोष्ट येत नाही. माझ्या मते सर्व अडथळ्यांत तीच मोठी आहे.

कायम प्राध्यापकांची अडचण निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी चार क्वाड्रंटच्या संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला २० गुण आहेत आणि नव्या अध्यापनपद्धतीच्या विकासाला ५. अध्यापनाच्या कामाची दखल घेतली गेली, हे चांगलेच. पण हे गुण वस्तू तयार केल्याचे आहेत. ती वापरून मुले शिकली का, न शिकल्यास दुसऱ्या वर्षी काय बदलले, याचा रकाना त्यात नाही. प्रशिक्षण वर्गांचेही तसेच. आठवडाभराचा एफडीपी म्हणजे प्राध्यापक विकास कार्यक्रम, ऑनलाइन हजेरी, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आणि प्रमाणपत्र. शिकलेले वर्गात वापरून, त्याचा पुरावा घेऊन परत या, असे सांगणारा वर्ग विरळा.

अभियांत्रिकीत निदान भाषा तरी रुजली आहे. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा भारत १३ जून २०१४ ला कायम सदस्य झाला आणि निष्पत्तीवर आधारित शिक्षणाची सक्ती आली. अभ्यासक्रमाची निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तीशी जोडणारा सीओ-पीओचा तक्ता आता प्रत्येक प्राध्यापक भरतो, चौकटीत १, २ किंवा ३ लिहितो. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये हेतू, कृती आणि मूल्यमापन एकाच दिशेला असावेत असे जे मांडले, त्याचेच हे रूप. पण तो तक्ता बहुतेक ठिकाणी शिकवून झाल्यावर, मूल्यांकन समिती येण्याआधी भरला जातो. तोच सत्राच्या आधी, सहकाऱ्यांशी भांडून भरला तर ते उत्तम पाठटाचण होईल.

विदर्भातल्या शिक्षणशास्त्रीय संशोधनाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात या विषयाचे प्रबंध मिळतात आणि अनेकांत मेहनत दिसते. पण त्यातला ठरलेला साचा असा: अमुक जिल्ह्यातल्या प्राध्यापकांची ई-लर्निंगविषयी जाणीव, छात्राध्यापकांची वृत्ती, लिंग आणि ग्रामीण-शहरी भेदानुसार तुलना, पाच पर्यायांची श्रेणी, टी-मूल्य, आणि शेवटी वृत्ती अनुकूल आहे हा निष्कर्ष. वृत्ती मोजून शिकणे कळत नाही. लुईस डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच दाखवले. स्वतः प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना वाटले की आपण कमी शिकलो, छान व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले की जास्त शिकलो. चाचणीत नेमके उलटे निघाले. म्हणजे केवळ आवडीनिवडीच्या प्रश्नावलीवर निर्णय घेतला तर आपण चांगली पद्धत टाकून देऊ शकतो. मार्गदर्शकांनी पुढच्या विद्यार्थ्याला प्रश्नावलीऐवजी पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि महिन्यानंतरची विलंबित चाचणी घ्यायला लावावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी एवढेच म्हणतो की तिने स्वाध्यायाची जुनी पद्धत संपवली आहे. तुर्कस्तानातल्या शाळांत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात चॅटजीपीटीसारखे साधन हाताशी असताना गणिताच्या सरावाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. ते काढून घेतल्यावर परीक्षेत हीच मुले साधन कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त सूचना देणारे साधन ज्यांना मिळाले, त्यांचे असे नुकसान जवळपास झालेच नाही. प्रयोग शाळेतला असला तरी महाविद्यालयांनी तो गांभीर्याने घ्यावा.

आज हाताशी काय आहे, हे एखाद्या तरुण प्राध्यापकाने विचारले तर मी सांगेन: मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली मोफत आहे आणि महाविद्यालयाच्या साध्या सर्व्हरवरही चालते. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-ग्रंथालय सेवेतून संशोधनपत्रिका आणि पुस्तके उघडतात. व्हर्च्युअल लॅब्जमध्ये विज्ञान-अभियांत्रिकीचे प्रयोग आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. मुक्त विद्यापीठाचे एखादे जुने पुस्तक रचनेसाठी समोर ठेवावे, आणि स्पोकन ट्युटोरियलची दोन रकान्यांची संहिता तशीच उचलावी. यातले काहीही करायला परवानगी लागत नाही.

संस्थेने करायचे काम मात्र वेगळे. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम लागू झाले. मेजर, मायनर, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित असे कितीतरी नवे विषय एकदम आले, ज्यांची पुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका नाहीत. नागपूर विद्यापीठात पूर्वीचे अकॅडमिक स्टाफ कॉलेज आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र झाले आहे. त्या केंद्राने यातला एकच विषय निवडावा, खुल्या ऐच्छिकातला, सर्व शाखांची मुले घेतात असा. चार जिल्ह्यांतल्या प्रत्येकी दोन महाविद्यालयांचे प्राध्यापक, त्यात सीएचबीचेही, एका सत्रापुरते मानधन देऊन एकत्र बसवावेत. एका घटकाचे तीन आराखडे करावेत: नेहमीचे व्याख्यान, मराठी स्पष्टीकरणासह इंग्रजी स्लाइडच्या छोट्या फिती, आणि त्याच फिती पण मध्ये थांबवून प्रश्न विचारणाऱ्या. नवख्या विद्यार्थ्याकडून आधी तपासून घ्याव्यात. रोवणीच्या दिवसांत कोण कुठपर्यंत पोचले याची नोंद ठेवावी, दिवाळीनंतर पुन्हा चाचणी घ्यावी, आणि जे निघेल ते, मनाविरुद्ध निघाले तरी, मराठीत छापावे. खर्च एका राष्ट्रीय परिषदेच्या मंडप-भोजनापेक्षा कमी येईल.